कबुली: मनातून आलेली आणि वदवून घेतलेली



घरात एखादी चूक झाली की लहान मुलांना आपण सांगतो, "आधी चूक कबूल कर, मग पुढचे बघू." पण तीच चूक आपल्या हातून, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून झाली तर? बापाने मुलावर चोरीचा नाहक आळ घेतला, त्याला मारले आणि हरवलेले पैसे दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच खिशात सापडले, तर किती बाप मुलाला जवळ बोलावून "माझे चुकले" म्हणतात? आपण बहुधा गप्प राहतो. त्या दिवशी मुलाला खाऊ आणतो, त्याच्याशी जरा गोड बोलतो आणि विषय संपला असे मानतो. चूक कबूल केली तर आपला वचक जाईल अशी भीती आपल्याला वाटते. उद्या भांडण झाले तर मुलगा हेच तोंडावर फेकेल अशीही भीती असते.

ही भीती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आज ज्या माणसाची कथा सांगायची आहे त्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली. त्याने आपण होऊन, सर्वांसमक्ष पाप कबूल केले. अकरा वर्षांनी तेच पाप त्याच्या तोंडावर फेकण्यात आले आणि त्याला सिंहासनावरून खाली ओढण्यात आले. तो माणूस म्हणजे सम्राट शार्लमेनचा मुलगा, फ्रँक लोकांचा सम्राट लुई. मग त्याने कबुली द्यायला नको होती का? हा प्रश्न घेऊन आपण थोडे मागे, बाराशे वर्षांपूर्वीच्या युरोपात जाऊ या.

भक्तिमान लुई

लुईचा जन्म 778 सालचा. तीन वर्षांचा असतानाच त्याला आक्विटेनचा, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य फ्रान्सचा राजा करण्यात आले. पोप पहिले एड्रियन यांनी रोममध्ये त्याला मुकुट घातला. मोठे भाऊ वारल्यामुळे 813 मध्ये आखेन येथे शार्लमेनने त्याला आपल्याबरोबर सम्राट केले. 814 च्या जानेवारीत शार्लमेन वारला आणि आजचा फ्रान्स, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड व उत्तर इटली एवढा मुलूख लुईच्या हाती आला.

इतिहासात त्याला 'भक्तिमान लुई' म्हणतात. हे नाव उगाच पडलेले नाही. अनियानचे संत बेनेडिक्ट हे त्याचे आध्यात्मिक सल्लागार होते. ते जवळ असावेत म्हणून आखेनपासून जवळच त्याने त्यांना मठ बांधून दिला. साम्राज्यातल्या सर्व मठांनी नर्सियाच्या संत बेनेडिक्ट यांचा एकच नियम पाळावा यासाठी त्याने 816 पासून सभा भरवल्या. पुढे पश्चिम युरोपातले मठजीवन ज्या वळणाने गेले त्यात या दोघांचा मोठा वाटा आहे.

अशा भक्तिमान माणसाच्या हातून पाप घडले. तेही साधेसुधे नव्हे.

बर्नार्डचे डोळे

817 च्या पवित्र गुरुवारी लुई उपासनेहून परतत असताना आखेनच्या राजवाड्यातला लाकडी सज्जा कोसळला. लुई किरकोळ जखमांवर बचावला. मृत्यू असा जवळून गेल्यावर आपल्या मागे राज्याचे काय, या विचाराने त्याला घेरले. त्याच वर्षी तीन दिवस उपवास व प्रार्थना करून त्याने राज्याची व्यवस्था जाहीर केली. थोरला मुलगा लोथार सहसम्राट झाला. धाकट्या पेपिन व लुई यांना एकेक प्रदेश मिळाला, पण त्यांनी थोरल्याच्या आज्ञेत राहायचे होते.

या व्यवस्थेत एक नाव नव्हते. लुईच्या दिवंगत भावाचा मुलगा बर्नार्ड इटलीचा राजा होता. खुद्द शार्लमेनने त्याला तिथे नेमले होते. नव्या व्यवस्थेत इटली लोथारच्या अधिकाराखाली राहील एवढेच लिहिले होते. वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावरून एखाद्याचे नाव वगळले गेले की घरात काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. विशीतल्या बर्नार्डने बंडाची तयारी केली. पण काका मोठे सैन्य घेऊन निघाल्याचे कळताच त्याने न लढता शरणागती पत्करली.

818 मध्ये आखेनला खटला झाला. शिक्षा मृत्युदंडाची ठरली. लुईने ती सौम्य करून डोळे काढण्याची आज्ञा दिली. आपण दया केली असेच त्याला त्या वेळी वाटले असावे. पण ती शिक्षा इतक्या निर्दयपणे अमलात आली की दोन-तीन दिवसांतच, 17 एप्रिलला, बर्नार्ड मरण पावला. त्याच्यामागे एक लहान मुलगा राहिला.

मग भीतीने भीती वाढली. आपले सावत्र भाऊ द्रोगो, ह्यू आणि थिओडोरिक उद्या कोणाच्या तरी हातचे बाहुले होतील, या शंकेने लुईने त्यांचे मुंडण करवून त्यांना मठजीवनात ढकलले. शार्लमेनचे चुलतभाऊ अदलहार्ड व वाला यांना तर 814 मध्येच दरबारातून दूर केले होते. अदलहार्ड समुद्रातल्या एका बेटावर हद्दपारीत होते आणि वाला मठात. सिंहासन आता निर्धोक होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लुईची राणी एर्मेनगार्ड वारली.

आत्तिन्यी, 822

पुढची तीन वर्षे लुईच्या मनात काय चालले होते ते देवालाच ठाऊक. पण 821 मध्ये त्याने बंडातल्या कैद्यांना माफी दिली, त्यांच्या मालमत्ता परत केल्या, अदलहार्डना बेटावरून परत बोलावले. आणि 822 च्या ऑगस्टमध्ये आत्तिन्यी गावी भरलेल्या सभेत, महागुरू, मठाधिपती आणि सरदार यांच्यासमोर, सम्राटाने उभे राहून पाप कबूल केले. बर्नार्डशी आपण जे वागलो ते पाप होते. सावत्र भावांची इच्छा नसताना त्यांचे मुंडण केले ते पाप होते. अदलहार्ड व वाला यांच्यावर अन्याय झाला तेही पाप होते. त्याने महागुरूंकडून प्रायश्चित्त स्वीकारले. आपल्या व आपल्या वडिलांच्याही हातून जे वाईट घडले असेल ते सुधारावे म्हणून भरपूर दानधर्म केला. सम्राटाचे हे पाहून महागुरूंनीही आपापल्या कर्तव्यात कसूर झाल्याचे कबूल केले.

हे अगदीच अघटित नव्हते. 390 साली सम्राट थिओडोसियस याच्या आज्ञेने थेस्सलनीका शहरात हजारो माणसे मारली गेली, तेव्हा मिलानचे महागुरू संत अम्ब्रोज यांनी त्याला प्रायश्चित्त केल्याखेरीज ख्रिस्तप्रसाद देण्यास नकार दिला होता. लुईच्या चरित्रकाराने त्याची तुलना थिओडोसियसशीच केली आहे. पण दोघांत एक फरक आम्हाला जाणवतो. थिओडोसियसला अम्ब्रोज यांनी बजावले होते. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने भानावर आणले होते. लुईला अडवणारा कोणी अम्ब्रोज आपल्याला दिसत नाही. तो आपण होऊन पुढे आला.

प्रायश्चित्त संस्काराची जी अंगे आपण धर्मशिक्षणात शिकलो ती इथे ताडून पाहू. पश्चात्ताप होता. मुखाने कबुली होती. शिवाय पाप जगजाहीर होते म्हणून कबुलीही जाहीर होती, हा त्या काळच्या ख्रिस्तसभेचा नियमच होता. तिसरे अंग भरपाईचे. अदलहार्ड व वाला पुन्हा मानाने दरबारात आले. द्रोगोला पुढच्याच वर्षी मेट्सचे महागुरुपद मिळाले.

पण बर्नार्ड? मेलेल्याला डोळे परत देता येत नाहीत. जे देता आले असते त्याचे काय झाले तेही लपवू नये. बर्नार्डची इटली त्याच्या लहान मुलाकडे गेली नाही. त्या सभेनंतर सम्राटाने तिथला कारभार पाहायला आपल्याच मुलाला, लोथारला, पाठवले. जक्कयने लुबाडलेले चौपट परत केले होते. लुईची भरपाई तिथवर पोहोचली नाही. आपल्यालाही हे अनोळखी नाही. भावाची क्षमा मागायला आपण तयार होतो, पण त्याच्या वाटणीची वाडी मात्र आपल्याकडेच राहते.

सोआसाँ, 833

लुईने दुसरे लग्न केले होते. राणी ज्युडिथला 823 मध्ये मुलगा झाला, चार्ल्स. त्यालाही वाटा हवा, म्हणून 829 मध्ये लुईने आधीच्या वाटणीला हात घातला. थोरली तीन मुले बिथरली. 830 मध्ये पहिले बंड झाले, ते शमले. 833 मध्ये दुसरे झाले. लोथार तर इटलीहून पोप चौथे ग्रेगरी यांनाही बरोबर घेऊन आला. आल्सासमध्ये कोल्मारजवळ बाप आणि मुले समोरासमोर तळ देऊन राहिली. पोपमहोदय समेटासाठी बोलणी करत होते, तेवढ्यात लुईचे सैन्य गटागटाने पलीकडे निघून गेले. ज्या मैदानावर इतक्या शपथा मोडल्या त्याला लोक पुढे 'असत्याचे मैदान' म्हणू लागले. उरलेल्या निष्ठावंतांनाही लुईने मुलांकडे जायला सांगितले. आपल्यापायी कोणाचा जीव जाऊ नये अशी त्याची इच्छा होती.

पण बाप कैदेत असला तरी सम्राटच होता. त्याला कायमचे दूर कसे करायचे? तेव्हा कोणाला तरी आत्तिन्यी आठवले. जुन्या नियमानुसार जाहीर प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाने पुन्हा शस्त्र धरू नये. शस्त्र नाही तर राज्यही नाही. त्या ऑक्टोबरमध्ये सोआसाँ शहरातल्या संत मेदार यांच्या मठाच्या मंदिरात लुईला वेदीपुढे खरखरीत गोणपाटावर गुडघे टेकायला लावले. त्याच्या हाती अपराधांची लेखी यादी देण्यात आली. त्यात बर्नार्डचा मृत्यू होता. उपवासकाळात सैन्य हलवल्याचा आरोप होता. शपथा मोडायला लावल्याचा आणि राज्याची पुन्हा वाटणी केल्याचाही होता. त्याने यादी वाचली, कबूल केले, रडला. कमरेचा तलवारपट्टा सोडून वेदीपुढे ठेवला आणि प्रायश्चित्ताची वस्त्रे अंगावर घेतली.

या विधीत रेम्सचे महागुरू एबो पुढे होते. एबो हे गुलामाच्या घरात जन्मलेले. त्यांच्या आईने लुईला अंगावर पाजले होते. लुईनेच त्यांना 816 मध्ये महागुरुपदावर बसवले. त्यांना केवळ कृतघ्न म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण डॅनिश लोकांत शुभवर्तमान घेऊन गेलेले ते मिशनरीही होते, आणि राज्याचा आत्मा बिघडला आहे, सम्राटाला ताळ्यावर आणणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांच्या बाजूच्या कित्येक महागुरूंना मनापासून वाटत होते. म्हणून तर हा प्रसंग विचार करायला लावतो. चांगली माणसेही दुसऱ्याच्या पापाचे हत्यार करू शकतात, आणि ते करताना आपण देवाचेच काम करतो आहोत असे त्यांना वाटू शकते.

दोन्हींत फरक काय?

बाहेरून पाहिले तर आत्तिन्यी आणि सोआसाँ सारखेच दिसतात. तोच माणूस, काही प्रमाणात तेच पाप, तसेच महागुरू, तसेच अश्रू. मग एकाला आपण संस्कार म्हणतो आणि दुसऱ्याला अन्याय, ते कशावरून?

पहिली गोष्ट स्वातंत्र्याची. आत्तिन्यीला यादी लुईने स्वतः केली, सोआसाँला ती दुसऱ्यांनी लिहून आणली. पाप आरोपीचे असेल, पण कबुली त्याची स्वतःची नव्हती. देवही आपल्याकडून कबुली ओढून काढत नाही. उधळ्या पुत्राचा बाप मुलाच्या शोधात माणसे पाठवून त्याला बांधून आणत नाही. तो रस्त्याकडे डोळे लावून बसतो.

दुसरी गोष्ट हेतूची. आत्तिन्यीनंतर दुरावलेली माणसे परत जवळ आली. सोआसाँचा हेतू एका माणसाला कायमचे दूर करण्याचा होता. प्रायश्चित्त हे परतीचे दार आहे. ते बाहेरून कडी लावण्यासाठी वापरले की ते प्रायश्चित्त राहत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बर्नार्डबद्दलचे पाप कबूल झाले होते, त्याचे प्रायश्चित्त झाले होते. देवाने क्षमा केलेले पाप अकरा वर्षांनी उकरून काढणे म्हणजे देवाच्या क्षमेवर अपील करण्यासारखे आहे. आपण तर हे घराघरांत करतो. नवऱ्याने दारू सोडली, दहा वर्षे झाली, तरी भांडणात पहिले वाक्य तेच. सुनेने एकदा चुकून काही बोलून माफी मागितली, तरी दर सणाला त्याची आठवण. मग दुसऱ्यांदा चूक झाल्यावर ती व्यक्ती आपल्याजवळ कबुली द्यायला का येईल? ज्या घरात कबुलीची शिक्षा चुकीच्या शिक्षेपेक्षा मोठी असते, त्या घरात सगळे खोटे बोलायला शिकतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लुईने आत्तिन्यीला गप्प राहायला हवे होते का? त्याने स्वतःच्या हाताने शत्रूंना शस्त्र दिले, असे अनेक इतिहासकारांनी म्हटले आहे. अलीकडचे काही अभ्यासक मात्र ते पटवून घेत नाहीत. त्यांच्या मते त्या काळी पश्चात्ताप करणारा राजा हा दुबळा राजा मानला जात नव्हता, आणि आत्तिन्यीनंतरची काही वर्षे लुईचे राज्य चांगले चालले होते. बंड झाले ते वाटणीवरून. आम्हाला हे पटते. पण समजा जुन्या इतिहासकारांचे खरे असेल, तरी काय? कबुली द्यायची ती फायदा होतो म्हणून नव्हे. डोळे काढलेला पुतण्या रात्री आठवत असताना दिवसा वेदीपुढे भक्तिमान म्हणून उभे राहता येत नाही, म्हणून ती द्यायची. त्याचा कोणी गैरवापर केला तर ते पाप गैरवापर करणाऱ्याचे.

12 मार्च 2000 रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळेल असे त्या वेळीही काहींना वाटले होते. पोपमहोदय थांबले नाहीत.

शेवट

लुईची कथा सोआसाँला संपली नाही. मुलांची आपापसात फाटाफूट झाली, लोकांना म्हाताऱ्या सम्राटाची दया आली आणि 834 च्या 1 मार्चला संत डेनिस यांच्या मंदिरात तो पुन्हा सम्राट झाला. मित्रांनी त्याला लगेच तलवार बांधायचा आग्रह केला. लुई थांबला. महागुरूंनी मंदिरात विधिपूर्वक समेट केल्यानंतरच त्याने त्यांच्या हातून शस्त्रे स्वीकारली. ज्या वेदीपुढे त्याला लुबाडले गेले त्या वेदीवरचा त्याचा विश्वास गेला नव्हता.

पण तोही संत नव्हे, हे लक्षात ठेवू. 835 मध्ये एबोंना स्वतःची अपात्रता कबूल करणारा लेख देऊन पद सोडावे लागले. वदवून घेतलेल्या कबुलीचे दुःख ज्याने भोगले त्याच्याच राज्यात दुसऱ्याकडून तशीच कबुली घेतली गेली. अंगावर झालेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी करत नाही.

840 च्या जूनमध्ये ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर लुई मरणपंथाला लागला. धाकटा लुई नावाचा मुलगा त्या वेळीही बापाविरुद्ध उठला होता. उशाशी महागुरू द्रोगो होते. हाच तो सावत्र भाऊ, ज्याचे लुईने जबरदस्तीने मुंडण केले होते. चरित्रकार सांगतो की त्या शेवटच्या दिवसांत लुई दररोज द्रोगोजवळ पापनिवेदन करत असे. ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याच हातून तो पापक्षमा घेत होता. आत्तिन्यीचा दिवस उगवला नसता तर हे घडले असते का?

द्रोगोंनी त्याला बंडखोर मुलाला क्षमा करण्याची विनंती केली. लुईला ते जड गेले. तो आपल्या दुःखाबद्दल कडवटपणे बोलला. शेवटी म्हणाला, मुलगा माझ्यापुढे येऊन क्षमा मागू शकत नाही, तेव्हा मी माझ्या बाजूने क्षमा करतो. पण त्याने बापाचे पिकले केस दुःखाने मातीत घातले हे त्याला जरूर सांगा. 20 जूनला लुई वारला.

बंधुभगिनींनो, ही क्षमा गुळमुळीत नाही. तिच्यात सत्यही आहे आणि जखमही आहे. तरीही ती क्षमा आहे, आणि समोरच्याची कबुली येण्याची वाट न पाहता दिलेली आहे.

येत्या आठवड्यात आपण दोन गोष्टी करून पाहू या. ज्याच्याशी आपण चुकलो त्या एका माणसाकडे, मग तो आपल्यापेक्षा लहान का असेना, कोणी न सांगता जाऊ या. आणि त्याची काही वस्तू, वाटा किंवा नाव आपल्याकडे अडकले असेल तर तेही बरोबर नेऊ या. आणि ज्याने आपल्यापुढे एकदा चूक कबूल केली आहे, त्याची ती कबुली पुन्हा कधीही भांडणात तोंडावर आणायची नाही, असे मनाशी ठरवू या. यातली पहिली गोष्ट अवघड आहे हे खरे. दुसरी कदाचित त्याहून अवघड असेल. प्रभू येशू आपल्याला दोन्हींसाठी बळ देवो.